भिंतीवरच्या कापडाला मागची बाजू नसते

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, डाव्या भिंतीवर, एक नर्तकी आहे. महाजनक जातकातली. राजा महाजनकाचं मन राज्यावरून उडालंय, राणी सीवली त्याला धरून ठेवायला बघते आहे, आणि त्या खटपटीत हा नाच मांडलाय. भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका, मधोमध ही, कंबरेत वळलेली. गाईड सहसा तिच्या डौलाबद्दल बोलतात. पण वर्गात कापड बेतायला शिकलेली एखादी मुलगी समोर उभी राहिली, की तिची नजर आधी बाहीवर जाते. कारण भोवतालच्या कित्येक बायकांच्या अंगावर वरच्या बाजूला नावापुरतं कापड आहे किंवा तेही नाही, आणि हिच्या अंगात मात्र लांब बाह्यांचा, नक्षीदार, अंगासरशी बसलेला कपडा आहे.

बाही म्हणजे शिवण आली. शिवण आली म्हणजे कोणीतरी कापड कापलं, मुंढा काढला, बाही त्यात बसवली. आणि ज्यानं कधी ब्लाउज शिवलाय त्याला माहीत असतं, की घट्ट बाहीचा हात वर केला की अख्खा कपडा वर ओढला जातो. मग नाचताना हिचा कपडा ओढला जात नव्हता का? बगलेत वेगळा तुकडा घातला होता का? पाठीवर बंद होते, की पाठ उघडी होती? चित्रकारानं हे काहीच सांगितलेलं नाही, कारण त्याला ते सांगायची गरज नव्हती. भिंतीवरचा कपडा समोरून दिसला की त्याचं काम झालं. त्याला वजन नसतं, घाम लागत नसतो, आणि मागची बाजू नसते.

ही हरवलेली मागची बाजू शोधणं, म्हणजे सपाट चित्रावरून अंगावर टिकणारा कपडा उभा करणं, हा उद्योग अजिंठ्याच्या निमित्तानं निदान शंभर वर्षं चालू आहे. फॅशनच्या विद्यार्थ्यांना स्पर्धेत जे करायला सांगतात, त्याचाच हा एक जुना आणि जास्त अवघड प्रकार आहे असं मला वाटतं.

आधी स्पर्धांबद्दल. कॉलेजांच्या महोत्सवांत आणि डिझाइन स्पर्धांत 'अनकन्व्हेन्शनल' नावाची फेरी असते. नियम साधा: नेहमीचं कापड वापरायचं नाही. मग वर्तमानपत्रं येतात, बाटल्यांची झाकणं, जुन्या सीडी, चेन, एक्स-रेच्या फिल्म, बांबूच्या चटया, बबल रॅप. न्यूझीलंडमध्ये तर या वेडाचा जागतिक सोहळा होतो. सुझी मॉनक्रीफ या कलावतीनं १९८७ साली नेल्सनजवळच्या एका खेड्यातल्या कलादालनाची जाहिरात व्हावी म्हणून अंगावर घालता येणाऱ्या कलेचा एक कार्यक्रम केला. तोच पुढे 'वर्ल्ड ऑफ वेअरेबल आर्ट' झाला आणि २००५ पासून वेलिंग्टनमध्ये भरतो.

या फेरीत पहिल्यांदा उतरणारे विद्यार्थी हमखास एका ठिकाणी अडकतात. कागदाचा घागरा होतो, कागदाची टोपी होते, पण कागदाची चोळी काही केल्या होत नाही. छातीपाशी, खांद्यापाशी कागद चुरगळतो नाहीतर फाटतो. यात विद्यार्थ्याचा दोष नाही. हा भूमितीचा कायदा आहे, आणि तो कार्ल फ्रीडरिख गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२७ साली सिद्ध करून ठेवलाय. न ताणता येणारा सपाट पृष्ठभाग नळीवर किंवा शंकूवर गुंडाळता येतो, पण एकाच वेळी दोन दिशांना वळणाऱ्या गोलाव्यावर तो सुरकुती न पडता बसूच शकत नाही. कागद बेंबीपासून खाली आज्ञाधारक असतो, वर गेला की बंड करतो, ते यामुळे.

कापड हा कायदा मोडत नाही, पण मोठ्या हुशारीनं त्यातून वाट काढतं. उभ्या-आडव्या धाग्यांची ती जाळी असते. तिला उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं की प्रत्येक बारका चौकोन तिरका होतो, शंकरपाळ्यासारखा, आणि मूळची सपाट जाळी गोलाव्यावर अलगद उतरते. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने हिनं याच गुणावर, उरेब कापडावर, आपलं सगळं नाव कमावलं. कागदाला, प्लास्टिकला, पत्र्याला ही सोय नाही. तेव्हा एकच मार्ग उरतो: वस्तूचे लहान लहान तुकडे करायचे आणि ते सैलसर जोडायचे, म्हणजे वळायचं काम तुकड्यांऐवजी सांधे करतात. फेब्रुवारी १९६६मध्ये पाको राबान या तरुण डिझायनरनं पॅरिसमध्ये नेमकं हेच केलं. प्लास्टिकच्या आणि धातूच्या चकत्या कड्यांनी जोडून त्यानं बारा पोशाख दाखवले आणि त्यांना नावच दिलं, 'समकालीन साहित्यातले बारा न घालता येणारे पोशाख'. आजच्या कॉलेज स्पर्धांतला झाकणांचा घागरा हा त्याचाच पणतू.

१९६६ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मुंबईत आणखी एक पोशाखांचा प्रयोग पडद्यावर आला, आणि त्याची मुळं थेट अजिंठ्याला, वाघूर नदीच्या त्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर होती. तिकडे जाण्याआधी लेण्यांतल्या माणसांचे कपडे मात्र नीट पाहून घेऊ. वेळ तिथे घालवण्यासारखा आहे.

फर्दापूरहून वर आलं, चपला बाहेर काढल्या आणि डोळे मंद उजेडाला सरावले, की पहिला धक्का बसतो तो हा: इथे राजा आणि राणी सगळ्यात कमी शिवलेले आहेत. अंगावर बारीक पोताचं, न कापलेलं कापड, बाकी मोती आणि सोनं. शिवलेले अंगरखे, बाह्या, विजारी आहेत त्या नोकरांच्या, शिपायांच्या, नर्तकींच्या आणि परदेशी पाहुण्यांच्या अंगावर. पहिल्या लेण्याच्या छतावर तर टोकदार टोप्या, लांब झगे आणि पायमोजे घातलेली परदेशी मंडळी प्याले हातात घेऊन बसली आहेत. आपल्या डोक्यातली शिडी इथे उलटी आहे. आपल्याला कापलेला, बेतलेला, अंगाबरोबर बसवलेला कपडा भारी वाटतो. इथे तो कामाचा कपडा आहे. अर्थात सगळीकडे असंच होतं असंही नाही. त्याच्या शतकभर आधीच्या गुप्त सम्राटांच्या नाण्यांवर राजे कुषाण वळणाचा कोट आणि विजार घालून उभे आहेत. नाण्यावर दरारा हवा असतो, दरबारात मात्र उकडतं, एवढं समजून घ्यायला हरकत नाही.

दुसरा धक्का कापड रंगवण्याच्या रीतीचा. त्याच पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या कंबरेचं पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र बघा. कितीतरी ठिकाणी कापड असं आपल्याला दिसतच नाही. दिसतं ते खालचं अंग, आणि त्यावरून गेलेले पट्टे, काठाची एक रेघ, निऱ्यांचा एक झोत. कापड आहे हे फक्त नक्षीवरून कळतं. पोत इतका तलम, की चित्रकारानं तो जवळजवळ गाळूनच दाखवला. चिखलाच्या गिलाव्यावर चुन्याचा हात, त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि कुठे कुठे बाहेरून आणलेला महागडा निळा लाजवर्द. एवढ्या सामानात दगडी भिंतीवर मलमल उभी करणं ही गोष्ट कितीही वेळा पाहिली तरी पचत नाही.

नक्षी निरखली की आणखी एक दार उघडतं. काही पट्ट्यांच्या कडा सरळ नाहीत, किंचित फिसकटल्यासारख्या, बाणाच्या टोकांसारख्या आहेत. सूत विणण्याआधी जागोजाग बांधून रंगवलं आणि मग मागावर चढवलं, की रंग असाच धाग्याच्या दिशेनं जरासा घसरतो. पाटोळ्याची, इकतची हीच खूण. म्हणून वस्त्रांचे अनेक अभ्यासक इकतचा सगळ्यात जुना चित्रपुरावा म्हणून अजिंठ्याकडे बोट दाखवतात. ठिपक्यांच्या कपड्यांवरून बांधणीच्या बाबतीतही तेच म्हणतात. शिवाय हंसांच्या ओळी आहेत, बारीक चौकटी आहेत, आडव्या पट्ट्या तर मोजू नयेत इतक्या. डॉ. मोतीचंद्र आणि डॉ. गो. स. घुर्ये यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतीय वेशभूषेचे इतिहास लिहिले तेव्हा या भिंती त्यांच्यासाठी साक्षीदार होत्या. दुसरा साक्षीदार मिळणंही कठीण होतं. आपल्या हवेत सुती कापड दीड हजार वर्षं टिकत नाही.

टिकतं ते अपघातानं. नेवाशाला ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याचे मणी मिळाले, आणि तांब्याच्या गंजामुळे त्यांच्यातून ओवलेल्या रेशमी धाग्याचे अवशेष शिल्लक राहिले. कापड कुठेच नाही, दोऱ्याचं एवढंसं टोक आहे. आणि लेखी पुरावा हवा असेल तर पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत, पेरिप्लसमध्ये, तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं नाव आहे. तिथून साधं कापड आणि नाना तऱ्हेच्या मलमली गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात, आणि पैठणहून गोमेदासारखे दगड. मराठवाड्याच्या मलमलीची कीर्ती अजिंठ्याची ही चित्रं काढली गेली त्याच्या चारशे वर्षं आधीची आहे. चित्रकारानं जे तलम कापड रंगवलं ते त्यानं स्वर्गातून आणलं नव्हतं.

आता गंमत. जातककथा या बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या. बुद्ध स्वतः ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या आसपासचा, आणि त्याचे पूर्वजन्म त्याहून कितीतरी मागचे. ही चित्रं मात्र इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाच्या मते तर हा सगळा दुसरा बहर जेमतेम वीसेक वर्षांत आटोपला. म्हणजे चित्रकारांनी हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना आपल्या काळातले, आपल्या बाजारातले, कदाचित त्या वर्षीच्या फॅशनचे कपडे चढवले. त्यांना जुना वेश शोधत बसायची गरज वाटली नाही. आणि त्यांनी तो शोधला नाही म्हणूनच पाचव्या शतकातला कपडा आपल्या हाती लागला.

हा कपडा भिंतीवरून कागदावर उतरवणारे पहिले लोक चित्रकारच होते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा ब्रिटिश लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानं इथे पोचला, आणि लेणी पुन्हा जगापुढे आली. रॉबर्ट गिल यानं १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे राहून मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन हंगामामागून हंगाम इथे येत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यांतले एक. कंदिलांच्या उजेडात, वटवाघळांच्या वासात, या मुलांनी मुकुट, कमरपट्टे, निऱ्या, काठ, छतावरच्या चौकटी असं सगळं रेघ-रेघ उतरवलं. १८८५च्या आगीत त्यातल्याही शंभराहून जास्त प्रती लंडनमध्ये खाक झाल्या. तरी ग्रिफिथ्सचे दोन जाडजूड खंड १८९६-९७ साली निघाले आणि अजिंठ्याची नक्षी जगभरच्या ग्रंथालयांत पोचली. डिझाइनच्या विद्यार्थ्यांचा अजिंठ्याचा अभ्यासदौरा म्हणतात तो तेव्हापासूनचा.

कागदावरून ती रंगमंचावरही गेली. रशियन नर्तकी ॲना पाव्हलोवा हिनं १९२३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरचं बॅले सादर केलं. पाठ नसलेल्या कपड्याला पाठ देण्याचा तो एक प्रयत्न, पण युरोपियन बॅलेच्या शरीरासाठी केलेला. आपल्या शरीराचा आणि आपल्या नाचाचा विचार करून हे काम करायला कोल्हापूरची एक मुलगी यावी लागली.

भानुमती राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९. अजिंठा सापडल्याची तारीख आणि तिची जन्मतारीख एकच, हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी जोडलेले. ते मुलीच्या लहानपणीच गेले. ती मुंबईला जे. जे.मध्ये आली, ग्रिफिथ्सच्याच शाळेत, आणि तिथलं सुवर्णपदक मिळवलं. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली होती. पोटासाठी ती 'ईव्हज वीकली'सारख्या इंग्रजी साप्ताहिकांसाठी फॅशनची रेखाटनं करायची. पुढे त्याच संपादकांनी कपड्यांचं दुकान काढलं आणि हिला म्हटलं, कागदावर काढतेस ते कापडात करून बघ. फॅशनचं शिक्षण देणारी संस्था तेव्हा नव्हती. दिल्लीची निफ्ट निघाली १९८६ साली. १९५६च्या 'सी.आय.डी.'पासून ती चित्रपटांचे कपडे करू लागली. लग्नानंतरचं नाव जगाला माहीत आहे: भानू अथय्या.

१९६६चा तो प्रयोग म्हणजे लेख टंडन यांचा 'आम्रपाली'. वैशालीची नगरवधू, मगधाचा अजातशत्रू, म्हणजे बुद्धाचाच काळ. वैजयंतीमाला नायिका, आणि चित्रपटभर नाच. भानू अथय्यांनी संदर्भासाठी अजिंठा गाठला आणि भिंतींचा अभ्यास केला. कालगणना काटेकोर धरली तर ही चूकच. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या नर्तकीला इसवी सनाच्या पाचव्या शतकातला पोशाख, हजार वर्षांची तफावत. पण बुद्धाच्या कथांना स्वतःच्या काळाचे कपडे चढवणाऱ्या अजिंठ्याच्या चित्रकारांनी काय वेगळं केलं होतं? शिवाय बुद्धकाळातलं चित्र उपलब्धच नाही. जे जवळात जवळ डोळ्यांनी दिसतं ते घ्यायचं, हा निर्णय मला एका चित्रकाराचा निर्णय वाटतो आणि पटतो.

खरी परीक्षा संदर्भ सापडल्यावर सुरू होते. भिंतीवर नुसती एक आडवी पट्टी छातीवर काढलेली दिसते. नर्तकीच्या अंगावर ती पट्टी गिरकी घेताना जागेवर राहायला हवी. म्हणजे तिला खालून आकार हवा, मागे बंद हवेत, आणि ते कॅमेऱ्याला दिसता कामा नयेत. भिंतीवरचं अंतरीय, म्हणजे कंबरेखालचं वस्त्र, पायाला चिकटून वाहतं. पडद्यावर त्याच कापडात मांडी घालता आली पाहिजे, पाय फाकवता आला पाहिजे, निऱ्या सुटता कामा नयेत. मोत्यांच्या सरी चित्रात सुरेख झुलतात. माणसाच्या गळ्यात त्या नाचताना उडून तोंडावर आपटतात. भिंत बघून घरी येणं सोपं, हे सगळं सोडवणं म्हणजे पोशाखकाराची विद्या. 'आम्रपाली' त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून गेला, आणि त्यातलं रूप इतकं रुजलं, की पुढे प्राचीन भारत म्हटलं की शाळेच्या स्नेहसंमेलनापासून टीव्हीच्या पौराणिक मालिकांपर्यंत तीच छातीवरची पट्टी, तेच काष्ट्याचं नेसणं, तोच बाजूचा शेला दिसू लागला. आपल्याला अजिंठा म्हणून जे आठवतं त्यातलं बरंचसं खरं तर भानू अथय्या आहेत. १९८३च्या एप्रिलमध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं, ते घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्याच १९८३ साली अजिंठा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. योगायोगांतला हा शेवटचा, खात्री देतो.

म्हणून स्पर्धेच्या तयारीला अजिंठ्याला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पद्मपाणीचा मुकुट कार्डबोर्डात करा असं सांगणार नाही. तो सगळेच करतात. त्यांनी काष्टा बघावा. पाय वेगवेगळे होतात, धावता येतं, घोड्यावर बसता येतं, आणि कापडाला एक टाकाही नाही. सारं काम घड्या, खोचणं आणि कायबंधाची, म्हणजे कंबरेच्या पट्ट्याची, एक गाठ करते. नऊवारी नेसलेल्या कोळणीकडे किंवा शेतात वाकलेल्या बाईकडे हेच तंत्र आजही आहे, आणि त्यांना त्यासाठी पारितोषिक मिळत नाही. उलट आता शिवलेली नऊवारी मिळते, विजारीसारखी पायात चढवायची. सोयीची आहे, लग्नाच्या घाईत उपयोगी पडते. पण ज्या अडचणीचं उत्तर घडीनं दिलं होतं तिथे आपण चेन लावली, हे डिझायनरच्या नजरेला खुपायला हवं. जपानच्या इस्से मियाकेनं कापडाच्या एकाच तुकड्यातून अख्खा पोशाख काढण्यावर कितीतरी वर्षं खर्च केली, तेव्हा त्याचं जगभर कौतुक झालं.

न कापलेल्या कापडानं, एकही टाका न घालता, हालचालीला टिकणारा पोशाख करा, असा नियम एखाद्या महोत्सवानं करून बघावा. झाकणं आणि सीडीपेक्षा ती फेरी फार कठीण जाईल. परीक्षकांनी फक्त एवढंच करायचं: रॅम्पवरून चालून झालं की स्पर्धकाला सांगायचं, आता खाली बस, ऊठ, दोन्ही हात वर कर आणि पाठ फिरव.

आणि ज्यांना भिंतीवरची नक्षीच हवी आहे त्यांच्यासाठी पैठण शंभरेक मैलांच्या आतच आहे. तिथल्या पैठणीच्या पदरावर 'अजिंठा कमळ' नावाचं एक नक्षीकाम विणतात, लेण्यातल्या कमळावरून घेतलेलं. चित्र भिंतीवरून पुन्हा मागावर गेलं, आणि तिथे त्याला मागची बाजूही मिळाली: अस्सल पैठणीत नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते, खरी पैठणी ओळखायला लोक पदर उलटून बघतात तो याचसाठी. फक्त पदर भरजरी असेल तर विणायला महिनोन् महिने जातात, आणि स्पर्धेच्या अर्जाची मुदत बहुधा पंधरा दिवसांची असते.